छंदास वय नसते

‘छंद’ हा शब्द कानी पडला, की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा लहान मुलेच उभी राहतात. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी काड्यापेट्यांवरील चित्रे वहीत चिकटवितो, कोणी नदीकाठचे रंगीत खडे खिशात घालून घरी आणतो. मोठ्या माणसांच्या वाट्याला मात्र काम, काळजी आणि कर्तव्य एवढेच येते, अशी आपली समजूत असते. खुद्द मोठी माणसेही असेच समजतात. “आता या वयात काय शिकायचे?” हे वाक्य तुम्ही आपल्या घरी पुष्कळदा ऐकले असेल. आजोबांच्या हाती कोणी बासरी दिली, किंवा आईला कोणी चित्रे काढावयास बोलाविले, तर बहुधा हेच उत्तर हसतहसत मिळेल. हे उत्तर कितपत खरे आहे, याचा विचार आपणांस या पाठात करावयाचा आहे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावापर्यंत गेले म्हणजे पुरे.

तेर हे गाव तेरणा नदीच्या काठी वसलेले आहे. संत गोरोबा काकांचे गाव म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. चाकावर मडकी घडविता घडविता विठ्ठलनामात रंगून जाणारे ते गोरा कुंभार याच गावचे. परंतु गोरोबा काकांच्याही पूर्वी, एक हजाराहून अधिक वर्षे आधी, हे गाव एक भरभराटलेले नगर होते. त्याचे नाव तगर. सातवाहन राजांच्या काळी दख्खनमध्ये पैठणच्या जोडीने ज्या बाजारपेठांचे नाव निघे, त्यांत तगराची गणना होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गावरील बंदरांची आणि बाजारांची माहिती लिहून ठेविली. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या ग्रंथात तगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर आहे, आणि तेथून जाडेभरडे कापड व तऱ्हेतऱ्हेची तलम मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोच बंदरास नेतात, असे तो सांगतो. भडोचहून हा माल गलबतांत चढे आणि समुद्रापलीकडे रोमन साम्राज्यापर्यंत जाई.

काळ पालटला. व्यापाराच्या वाटा बदलल्या, राजघराणी गेली, आणि तगर नगराचे वैभव मातीखाली गेले. लोक ते नावही विसरले. पेरिप्लसमधील तगर म्हणजे नेमके कोणते गाव, याविषयी विद्वानांत कित्येक वर्षे वाद चालला होता. कोणी दौलताबादकडे बोट दाखवी, तर कोणी जुन्नरकडे. अखेर १९०१ साली फ्लीट नावाच्या इतिहास संशोधकाने तेर हेच प्राचीन तगर होय, असे साधार प्रतिपादन केले.

परंतु विद्वानांचा वाद तेरच्या मातीला कोठे ठाऊक होता? ती आपले काम निमूटपणे करीत होती. तुमच्यापैकी जी मुले खेड्यात राहतात, त्यांना ‘पांढरी’ हा शब्द परिचयाचा असेल. जेथे पिढ्यानपिढ्या वस्ती झाली, घरे पडली, पुन्हा उभारली गेली, तेथील माती पांढुरकी होते. तिला पांढरी म्हणतात. तेरच्या परिसरात अशा पांढरीची मोठमोठी टेकाडे आहेत. मराठवाड्यातील धाब्याच्या घरांवर पसरावयास, भिंती लिंपावयास ही माती उपयोगी पडते. पावसाळ्यात तिच्यावरून पाण्याचे ओहोळ वाहू लागले, की मातीचा थर धुपून जातो आणि खालच्या वस्तू उघड्या पडतात. कधी एखादा मणी, कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा, कधी शिशाचे काळवंडलेले नाणे, तर कधी बोटाएवढे मातीचे मुंडके. ज्याच्या पायाखाली अशी वस्तू येई, तो ती उचलून क्षणभर पाही आणि बहुधा टाकून देई. मुलांनी मणी खेळावयास न्यावे, नाणे कोणी वितळवावे, मूर्ती पुन्हा मातीत पडून तिचा चुरा व्हावा, हाच अशा वस्तूंचा नेहमीचा शेवट असतो. दोन हजार वर्षे मातीने जे सांभाळले, ते एका पावसाळ्यात नाहीसे व्हावे, याहून मोठी हानी कोणती?

ही हानी ज्यांनी पुष्कळ अंशी टाळली, ते तेर गावचे एक व्यापारी होते. त्यांचे नाव रामलिंगप्पा लामतुरे. ते कोणत्याही महाविद्यालयात इतिहासाचे प्राध्यापक नव्हते, की पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हते. आपला व्यापार आणि आपला प्रपंच सांभाळणारे ते एक गृहस्थ होते. या गृहस्थांना छंद जडला तो गावच्या मातीतून निघणाऱ्या जुन्या वस्तू गोळा करण्याचा. ज्या वस्तूला बाजारात कवडीची किंमत नाही, ती वस्तू एका व्यापाऱ्याने मोलाची मानावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. व्यापाऱ्याची नजर पारखी असते. ती नजर त्यांनी लाभाकडून ज्ञानाकडे वळविली.

छंद हा प्रथम लहानसाच असतो. पहिल्या वस्तूशेजारी दुसरी येते, दुसरीशेजारी तिसरी. पाचपंचवीस वस्तू जमल्या, की त्या एकमेकींशी बोलू लागतात. हा मणी काचेचा आहे आणि तो दगडाचा आहे, हे कळू लागते. ही बाहुली नेहमीच्या तांबड्या मातीची नाही, पांढऱ्याशुभ्र मऊ मातीची आहे, हे ध्यानात येते. तिचे पुढचे आणि मागचे अंग दोन वेगवेगळ्या साच्यांत दाबून मग जोडलेले आहे, ही कारागिराची युक्तीही हळूहळू उमगते. एक नाणे हाती आले तर ते कुतूहल ठरते. शंभर नाणी शेजारी मांडली, की त्यांतून इतिहास दिसू लागतो. लामतुरे यांचा संग्रह असाच वाढत गेला आणि त्यात हजारो वस्तू जमा झाल्या. मातीच्या मूर्ती, दिवे, मणी, शंखाचे अलंकार, हस्तिदंती वस्तू आणि सातवाहनांची नाणी अशी नाना प्रकारची संपत्ती त्यात होती. रोमन नाण्यांच्या धर्तीवर तेरच्या कारागिरांनी घडविलेली मातीची पदकेही येथे सापडली आहेत. पेरिप्लसकाराने ज्या दूरदेशीच्या व्यापाराचे वर्णन केले, त्याची साक्ष या मातीच्या पदकांनी दिली.

तेरच्या वस्तूंपैकी एका वस्तूचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. ती म्हणजे हस्तिदंतात कोरलेली एका स्त्रीची लहानशी मूर्ती. तिची केशरचना, तिचे अलंकार, तिची उभे राहण्याची ढब मोठी रेखीव आहे. आता गंमत पाहा. इटली देशात व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी आहे. इसवी सन ७९ मध्ये त्याचा भयंकर उद्रेक झाला आणि पाँपेई हे नगर राखेखाली गाडले गेले. त्या नगराचे उत्खनन चालू असता १९३८ साली तेथे भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती मूर्ती आणि तेरची मूर्ती यांत मोठे साम्य आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही तशाच घडणीच्या मूर्तीचा अवशेष मिळाला. यावरून, पाँपेईला सापडलेली ती मूर्ती दख्खनच्याच कारागिराने घडविली असावी, असे अनुमान काही अभ्यासकांनी काढले. तेरणेकाठच्या एका गृहस्थाच्या छंदाने हजारो मैलांवरील एका गाडलेल्या नगराशी आपले नाते असे जोडून दिले.

लामतुरे यांचा संग्रह पाहण्यासाठी देशोदेशीचे अभ्यासक तेरला येऊ लागले. त्यांनी त्यावर लेख लिहिले. १९५८ साली तेर येथे शास्त्रीय पद्धतीने उत्खनन झाले आणि पुढेही ते काम वेळोवेळी चालू राहिले. येथे छंद आणि शास्त्र यांतील फरक समजून घेतला पाहिजे. पावसाने उघडी पाडलेली वस्तू उचलली, तर ती तेरची आहे एवढे कळते. पण ती मातीच्या कोणत्या थरात होती, तिच्या शेजारी आणखी काय होते, हे कळत नाही. उत्खनन करणारा शास्त्रज्ञ मातीचा एकेक थर जपून काढतो. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, हा त्याचा साधा नियम. कोणत्या थरात काय मिळाले याची तो नोंद ठेवतो, आणि त्या नोंदीवरून वस्तूचा काळ ठरतो. म्हणून छंदाने शास्त्राची जागा घेता येत नाही. परंतु छंदाने शास्त्राला वाट दाखविता येते. “या मातीत काहीतरी आहे, इकडे या,” असे सांगणारा कोणी नसता, तर शास्त्रज्ञांची कुदळ तेरच्या टेकाडाला लागण्यास किती काळ गेला असता, कोण जाणे!

आज तेर येथे महाराष्ट्र शासनाचे पुराणवस्तुसंग्रहालय आहे आणि त्याला कैलासवासी रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव दिलेले आहे. एका माणसाच्या घरातील संग्रह साऱ्या महाराष्ट्राची ठेव झाला. छंदाचे याहून उत्तम फळ कोणते असू शकेल? आपल्यापुरता जमविलेला ठेवा माणसाबरोबर संपतो. सर्वांसाठी खुला केलेला ठेवा त्याच्यामागे उरतो.

या ठिकाणी एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. लामतुरे यांचे उदाहरण वाचून तुम्ही कुदळ घेऊन एखाद्या टेकाडाकडे धावाल, तर ते योग्य होणार नाही. पुराणवस्तूंच्या रक्षणासाठी १९७२ साली आपल्या देशात स्वतंत्र कायदा झाला आहे. भूमीत दडलेले धन सापडल्यास ते सरकारला कळविले पाहिजे, असा कायदा तर १८७८ सालापासूनच आहे. तेव्हा शेतात, विहिरीच्या खोदकामात किंवा नदीकाठी जुनी वस्तू दिसली, तर ती जेथे दिसली ती जागा नीट लक्षात ठेवावी, स्वतः खोदू नये, आणि शिक्षकांना व वडीलधाऱ्यांना सांगून ती वार्ता तहसील कचेरीपर्यंत पोचवावी. वस्तू जपणे हेही छंदाचेच अंग आहे.

आता पुन्हा आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. प्रौढ वयात नवा छंद जडतो काय? तेरचे उदाहरण एकटे नाही. मूळचे गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक होते. गणित हा त्यांचा व्यवसाय, आणि तोही असा की त्यात सारे आयुष्य सहज खर्ची पडावे. परंतु वयाच्या तिशीत त्यांचे लक्ष प्राचीन नाण्यांकडे गेले. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते, आणि झिजते तसे त्याचे वजन घटते. तेव्हा पुष्कळ नाणी अचूक तोलली, तर कोणती अधिक काळ फिरली हे गणिताने सांगता येईल, असा विचार त्यांनी केला. त्यांनी तराजू घेऊन हजारो नाणी तोलली. आपली रीत बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी त्या वेळच्या चालू नाण्यांचीही वजने त्यांनी घेतली. पुण्याच्या आसपास टेकड्यांवर हिंडताना ते अश्मयुगातील दगडी हत्यारांचे बारीक तुकडे वेचीत. गणिताच्या प्राध्यापकाचा हा नाद पाहून कोणाला हसू आले असेल. परंतु त्याच नादातून भारताच्या इतिहासाकडे पाहण्याची एक नवी दृष्टी निर्माण झाली, आणि १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इतिहासग्रंथाने विद्वानांना विचार करावयास लावले.

रवींद्रनाथ ठाकूर यांचे नाव तुम्हांस ठाऊक आहेच. १८६१ साली जन्मलेल्या या महाकवीने साठी ओलांडल्यावर चित्रकलेचा मनापासून ध्यास घेतला. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांवर रेघोट्या ओढता ओढता त्यांना आकार दिसू लागले. त्या रेघोट्यांची चित्रे झाली. १९३० साली पॅरिस शहरात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, आणि पुढील आयुष्यात त्यांनी दोन हजारांवर चित्रे काढली. जगाने ज्यांना कवी म्हणून आधीच गौरविले होते, त्या माणसाला चित्रकलेत नवशिक्या होण्याची लाज वाटली नाही. आपल्या शेजारच्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली हे वनखात्यात अधिकारी होते. जुन्या ग्रंथांत पशुपक्ष्यांविषयी काय लिहिले आहे हे समजावे, म्हणून त्यांनी नोकरी करता करता संस्कृत भाषेचा अभ्यास केला. जंगलातील पाहणी आणि ग्रंथांतील वाचन यांच्या मिलाफातून त्यांचे लेखन मराठीला लाभले.

ही तीन माणसे थोर होती, सामान्य माणसाला हे कसे साधावे, असे तुम्ही म्हणाल. परंतु त्यांचा आरंभ पाहा. एकाने तराजू घेतला, एकाने खोडलेल्या शब्दावर रेघ ओढली, एकाने परक्या लिपीचे नव्हे, आपल्याच देशातील जुन्या भाषेचे पुस्तक उघडले. यांतील एकही आरंभ सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा नाही. मग मोठ्या माणसांची अडचण कोणती? पहिली अडचण वेळेची. ती खरी आहे. पण दिवसातील अर्धा तास बहुतेकांना काढता येतो. दुसरी अडचण पैशाची. तीही कधीकधी खरी असते. पण पक्षी पाहण्यास, अभंग पाठ करण्यास, गावातील जुन्या बारवांची आणि शिलालेखांची टिपणे करण्यास पैसा लागत नाही. तिसरी अडचण सर्वांत मोठी. ती म्हणजे “लोक काय म्हणतील?” ही भीती. लहान मुलाचे अक्षर वाकडे आले तर त्याला कोणी हसत नाही, कारण ते शिकत आहे हे सर्वांना माहीत असते. पन्नाशीचा माणूस पेटीवर चुकीचा सूर लावतो तेव्हा मात्र तो स्वतःच ओशाळतो. आपल्याला सारे येत असले पाहिजे, असे ओझे त्याने डोक्यावर घेतलेले असते. ते ओझे खाली ठेवले, की शिकण्याची निम्मी वाट सरते.

छंद शोधण्याचीही एक रीत आहे. तो बाजारात विकत मिळत नाही आणि दुसऱ्याचा पाहून उसना घेता येत नाही. आपल्या अवतीभोवती काय आहे हे आधी पाहावे. तेरच्या माणसाला माती मिळाली, वनाधिकाऱ्याला पाखरे मिळाली, कवीला स्वतःचीच खाडाखोड मिळाली. मग थोडे करून पाहावे. काही दिवसांनी मन रमले नाही, तर ते सोडून दुसरे धरण्यात कमीपणा नाही. परंतु पहिल्या कंटाळ्यालाच हात टेकू नयेत. कारण विहीर खणताना पाण्याआधी खडक लागतो. आणि शेवटी, जे जमले ते इतरांना दाखवावे, शिकवावे, वाटावे. छंद आणि सोस यांत हाच भेद आहे. सोस वस्तू कोंडून ठेवतो, छंद त्यांना बोलते करतो.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा. कित्येक वर्षी शेतकऱ्याच्या पदरी पिकापेक्षा चिंताच अधिक पडते. अशा मुलखात छंदाची गोष्ट बोलणे म्हणजे चैन, असे कोणी म्हणेल. पण याच मुलखात दिवसभर राबलेली माणसे रात्री देवळात जमतात, कोणी पखवाज शिकतो, कोणी टाळ धरतो, कोणी चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा अभंगाची चाल बसवितो. त्या तासाभरात त्यांच्या शेताला पाणी मिळत नाही, हे खरे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर जाण्यास लागणारे बळ तेथेच मिळते. दुःख टळत नाही, तरी ते एकट्याने वाहावे लागत नाही. छंद हा रिकाम्या माणसाचा खेळ नव्हे. तो थकलेल्या माणसाचा विसावा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, या पाठाचा विषय मोठ्या माणसांचा असला तरी तो मुद्दाम तुमच्यापुढे ठेविला आहे. तुम्हीही एक दिवस मोठे व्हाल. “आता या वयात काय?” हा प्रश्न त्या वेळी तुमच्याही मनात उभा राहील. तेव्हा तेरच्या लामतुरे यांचे स्मरण करा. आणि तोपर्यंतही तुमच्या हातून एक चांगले काम होण्याजोगे आहे. घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, “लहानपणी तुम्हांला काय करावेसे वाटत होते आणि ते राहून गेले?” कोणाचे पोहणे राहिले असेल, कोणाचे गाणे, कोणाचे लिहावाचावयास शिकणेच राहिले असेल. जे उत्तर मिळेल ते हसण्यावारी नेऊ नका. आजीचे अक्षर शिकण्याचे राहून गेले असेल, तर तुमची पाटी तिच्यापुढे ठेवा आणि तिचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घ्या. तिचे अक्षर वाकडे आले तरी चालेल. तुमचेही पहिले अक्षर वाकडेच होते.

अभ्यास

१. प्राचीन काळी तगर नगरातून कोणता माल कोणत्या बंदरास जात असे?

२. ‘पांढरी’ म्हणजे काय? तिच्यातील वस्तू पावसाळ्यात उघड्या का पडतात?

३. ‘छंदाने शास्त्राची जागा घेता येत नाही, परंतु छंदाने शास्त्राला वाट दाखविता येते.’ हे विधान तेरच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

४. नाण्याचे वजन आणि त्याचे वय यांचा संबंध कोसंबी यांनी कसा जोडला, ते आपल्या शब्दांत लिहा.

५. ‘छंद’ आणि ‘सोस’ यांतील भेद सांगून प्रत्येकाचे एकेक उदाहरण द्या.

६. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला पाठात सुचविलेला प्रश्न विचारा आणि मिळालेले उत्तर दहा ओळींत लिहा.